जिना छायाचित्रात होता, बातमीत नव्हता

३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन एकाच महिन्यात येत असल्यामुळे अपंगांच्या प्रश्नांवर नागपुरात डिसेंबरात जेवढी चर्चा होते, तेवढी उरलेल्या अकरा महिन्यांत मिळून होत नाही. ही चर्चा ऐकताना आणि वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. माध्यमांतून अपंग माणसाचे चित्र कसे उभे राहते, हा विषय निघाला की वाद दोनच ठिकाणी जाऊन अडतो. एक, शब्द कोणता वापरावा, ‘अपंग’ की ‘दिव्यांग’. आणि दुसरे, विनोद कुठपर्यंत सोसावा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटातील अपंग पात्रांच्या चित्रणावरील याचिकेचा निकाल देताना काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तेव्हापासून वाहिन्यांवरच्या चर्चेत एक बाजू दुखावलेल्या भावनांविषयी बोलते, दुसरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी बोलते आणि कार्यक्रमाची वेळ संपते.

माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू चुकीच्या जागी लढत आहेत. माध्यमांकडून अपंगांचे जे खरे नुकसान होते, ते हिणकस शब्दापेक्षा किंवा फसलेल्या विनोदापेक्षा चांगल्या मनाने लिहिलेल्या कौतुकाच्या बातमीने अधिक होते, कारण ती बातमी प्रश्न भलत्याच माणसाला विचारते. जिना चढणाऱ्याला ती विचारते, तुम्ही कसे चढता? जिना बांधणाऱ्याला मात्र ती काहीच विचारत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. दुसऱ्या वर्षी मला पोलिओ झाला. तेव्हापासून उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा आधाराचा सांगाडा, आणि काखेत कुबडी. नोकरीच्या काळात सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात मला आठवड्यातून दोनदा जावे लागे. दर्शनी भागाला अकरा दगडी पायऱ्या होत्या आणि कठडा एकाच बाजूला, चढताना उजवीकडे. म्हणजे कुबडी डाव्या हातात घ्यायची, उजव्या हाताने कठडा धरायचा, धड पाय आधी वरच्या पायरीवर टेकवायचा आणि कॅलिपरचा पाय मागून ओढून घ्यायचा. गुडघ्याचे लॉक नीट बसलेले नसेल तर पाय मध्येच दुमडतो, म्हणून प्रत्येक पायरीवर ते अंगठ्याने चाचपून पाहायचे. एकदा २ डिसेंबरला एक तरुण बातमीदार छायाचित्रकाराला घेऊन आला. मी वर पोहोचलो तेव्हा छायाचित्रकार म्हणाला, ‘काका, ऊन समोरून येत होतं. एकदा परत चढता का?’ मी उतरलो आणि परत चढलो. दुसऱ्या दिवशी मोठे छायाचित्र छापून आले, मथळा होता ‘जिद्दीला सलाम’. मजकुरात माझे वय होते, आजार होता, बायकोने दिलेली साथ होती. पायऱ्यांविषयी एक वाक्य नव्हते. छायाचित्रात मात्र अकराच्या अकरा पायऱ्या स्पष्ट मोजता येत होत्या. सार्वजनिक इमारतींत रॅम्प करण्याची तरतूद १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात होती. ती ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांनी सैल केलेली असली तरी होती, आणि कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. ते कात्रण कार्यालयात सूचनाफलकावर लावले गेले. फलक पायऱ्या चढून गेल्यावर डाव्या हाताला होता.

आता याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य केला पाहिजे, कारण माझे स्वतःचे आयुष्य त्या मुद्द्याच्या बाजूने साक्ष देते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या वडिलांनी ट्रंकेत एक कात्रण जपून ठेवले होते. पोलिओ झालेला एक मुलगा शिकून वकील झाल्याची ती बातमी होती. ती वाचली म्हणून त्यांनी मला शाळेत घातले. नाहीतर ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहण्यात माझे बालपण गेले असते, जसे गावातल्या दुसऱ्या एका मुलाचे गेले. तेव्हा प्रेरणेच्या बातम्यांनी काहीच साधत नाही, असे मी म्हणणार नाही. एखाद्या घरात त्या दार उघडतात. पण मोठा झाल्यावर ते कात्रण मी पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की त्यात ‘जिद्द’ हा शब्द चार वेळा आहे आणि तो मुलगा कोणत्या वसतिगृहात राहिला, कॅलिपर कोठे बनवून घेतले, एसटीच्या भाड्यात सवलत मिळाली का, फी कोणी भरली, यांपैकी एकही गोष्ट नाही. त्यामुळे कॅलिपर कोण बनवतो हे शोधायला वडिलांना तीन वेळा नागपूरला यावे लागले. मेडिकलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात लोकांना विचारत ते दिवसभर फिरत, संध्याकाळच्या गाडीने परतत, आणि प्रत्येक फेरीला त्यांची एक दिवसाची मजुरी बुडे. बातमीने त्यांना धीर दिला, पत्ता दिला नाही. आणि पत्ता देणे तर वृत्तपत्राला सहज शक्य होते.

अशा कौतुकाला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पत्रकार स्टेला यंग यांनी, ज्या स्वतः व्हीलचेअर वापरत, एक झोंबणारे नाव दिले होते. अपंगांना वस्तूसारखे समोर ठेवून धडधाकट वाचकाला बरे वाटायला लावणे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. पण आपल्याला ऑस्ट्रेलियापर्यंत जायची गरज नाही. नागपूरहून शंभर किलोमीटरवर वरोरा आहे आणि आनंदवनाची कथा विदर्भातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे : बाबा आमटे आणि साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. चौदा रुपये आपल्या लक्षात आहेत, गायही लक्षात आहे. त्या सहा माणसांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? खडकाळ माळावर विहीर खोदायला, दगड फोडायला, बोटे झडलेल्या हातांनी कुदळ धरायला तीच माणसे होती ना? दान माणसाला मोडते आणि काम माणसाला उभे करते, ही बाबांची आयुष्यभराची भूमिका होती; त्यांच्या लेखी त्या वसाहतीचे कर्ते तिथले रहिवासी होते. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस हा कायद्याने अपंग ठरतो, त्याचे काही हक्क आहेत, हे आनंदवनावर लिहिलेल्या शेकडो लेखांपैकी किती लेखांत येते? आपण एका मोठ्या माणसाची करुणा छापली आणि त्याने ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांचे श्रम पार्श्वभूमीला ढकलले. बाबांवर यात अन्याय झालाच, कारण त्यांचे म्हणणे नेमके उलटे होते.

शब्दाचा वाद मी टाकाऊ मानत नाही. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरात सुचवला, पुढे केंद्राच्या विभागाचे नाव बदलले, महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, आणि ज्यांना लहानपणापासून ‘लंगड्या’, ‘आंधळ्या’ अशा हाका ऐकाव्या लागल्या त्यांतल्या अनेकांना हा शब्द मनापासून बरा वाटतो. त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, त्या शहराने एक जुनी गोष्ट विसरू नये. अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणण्यामागेही सद्भावच होता. तरी १९३८ साली मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालण्याची वेळ आली तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. माणसाला देवाशी जोडणारे नाव दिल्याने पाणवठा खुला होत नाही, आणि नाव देण्याआधी ज्याला द्यायचे त्याला विचारलेले नसते, हे त्या विरोधाचे मर्म होते. जात आणि अपंगत्व या एकसारख्या गोष्टी नाहीत, हे मला कळते. पण वरून बहाल केलेला गौरव हक्काच्या जागी कसा बसवला जातो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

विदर्भातच याचे आणखी जुने उदाहरण आहे. संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टिहीन झाले आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. आपण त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतो आणि ते यथार्थ आहे. पण त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचत होते आणि त्यांनी सांगितलेले कोणीतरी उतरवून घेत होते, हे त्या एका तेजस्वी शब्दामागे झाकले जाते. आजच्या परीक्षेतल्या भाषेत सांगायचे तर त्यांना वाचक आणि लेखनिक मिळाले होते. दहावी-बारावीच्या निकालानंतर ‘अंधत्वावर मात’ या मथळ्याखाली पेढा भरवतानाचे छायाचित्र येते. त्या मुलीला लेखनिक कधी मिळाला, तिला तासामागे वीस मिनिटांचा वाढीव वेळ केंद्रावर विनातक्रार दिला गेला का, पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात जूनमध्ये आली की दिवाळीनंतर, हे त्याच बातमीत दोन ओळींत मावले असते. तिने मात केली ती कशावर, हे तरी वाचकाला कळले असते. डोळ्यांवर तर तिला मात करायचीच नव्हती.

विनोदाच्या बाबतीत मी बहुतेक अपंग मित्रांपेक्षा सैल आहे. भाषा धुऊन-पुसून स्वच्छ करता येत नाही; ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण गेल्यानंतर तिच्या जागी काही येणार नाही, आणि आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलांना उपदेश करण्यात अर्थ नाही. आम्ही आपसात जे विनोद करतो, ते छापता येणार नाहीत इतके तिखट असतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ च्या त्या निकालात सरसकट बंदी घातली नाही. अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद असा फरक केला, आणि ‘ग्रस्त’, ‘पीडित’ यांसारखी भाषा दोष माणसात दाखवते आणि समाजाने उभे केलेले अडथळे लपवते, हेही नोंदवले. या दुसऱ्या भागाची चर्चा झालीच नाही. तो भाग विनोदवीरांना उद्देशून जितका आहे, तितकाच संपादकांनाही आहे. म्हण ही पिढ्यान्‌पिढ्यांची असते. मथळा रात्री अकरा वाजता कोणीतरी विचार करून लिहितो. आघाडीचे सरकार आले की ‘कुबड्यांवरचे सरकार’ हा मथळा ठरलेला. माझ्या घरात कुबडी ही दुबळेपणाची खूण नाही. ती दाराशी टेकलेली असली की मी बाजारात जातो, बँकेत जातो. तिचे रबरी बूच झिजले आणि नवे मिळाले नाही, तर मी घरात बसतो.

कौतुकाच्या चौकटीची दुसरी अडचण अशी की तिला डोळ्यांना दिसणारेच अपंगत्व लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार विदर्भाचा घरचा आजार आहे. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात तो माहीत नसलेली वस्ती सापडणे कठीण. त्या मुलाला हाडांतून कळा येतात, कधी रक्त चढवावे लागते, परीक्षेच्या दिवशी झटका आला तर तो पेपर बुडतो. आणि आठवड्याने तोच मुलगा इतरांसारखा चालत वर्गात येतो. त्याचे छायाचित्र काय काढणार? म्हणून तो बातमीत रुग्ण म्हणून येतो, अपंग म्हणून येत नाही. याचा परिणाम केवळ चित्रणापुरता राहत नाही. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के भरले तर हाच मुलगा उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांसाठी पात्र ठरतो आणि शिकून बाहेर पडल्यावर सरकारी नोकरीतील चार टक्क्यांत मात्र बसत नाही, कारण त्या कलमात रक्ताचे विकार घेतलेलेच नाहीत. विदर्भातील हजारो घरांशी संबंध असलेली ही विसंगती पहिल्या पानावर यायला हवी होती. जे अपंगत्व कॅमेऱ्यात येत नाही, त्याच्या हक्कांची बातमी होत नाही, हे आपण किती दिवस चालू देणार?

आणि जे दिसत नाही, त्याच्यावर संशय मात्र लगेच घेतला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचे प्रकरण गाजले आणि नंतर बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्यांची रांग लागली. बनावट प्रमाणपत्र हा गुन्हा आहे आणि तो उघड करणे हे माध्यमांचे कर्तव्यच आहे. त्या लबाडीत हिरावली जाते ती आमचीच जागा. पण त्या बातम्यांत सही करणारे डॉक्टर, साखळीतले दलाल, तपासणीची पद्धत यांच्यापेक्षा ‘हा तर चालतो, हा तर पाहतो’ अशा चित्रफिती जास्त होत्या. ४० टक्के दृष्टिदोष असलेला माणूस थोडे पाहू शकतो, हे त्या चित्रफितींखाली कोणी लिहिले नाही. काल ज्याला सलाम केला, त्याच्याकडे आज प्रत्येक खिडकीवर वरपासून खालपर्यंत पाहिले जाते.

वृत्तपत्रातले मित्र यावर एक व्यावहारिक उत्तर देतात आणि ते प्रामाणिक आहे. माणसाची गोष्ट वाचली जाते, रॅम्पची गोष्ट वाचली जात नाही. जागा थोडी, माणसे कमी, वाचक घाईत. हे खरे मानूनही मी त्यांना आपल्याच प्रदेशाची आठवण देईन. विदर्भातील शेतकऱ्याची आत्महत्या एके काळी आतल्या पानावर, अपघात आणि चोऱ्यांच्या शेजारी, चार ओळींत येत असे. कारण लिहिलेले असे ‘कर्जबाजारीपणा’, कधी ‘घरगुती वाद’. तीच गोष्ट एका माणसाच्या नैराश्याची होती. मग काही पत्रकारांनी त्या चार-चार ओळी जोडल्या, आकडे ठेवले, कापसाचा भाव, बियाण्याचा खर्च, सावकाराचा आणि बँकेचा दर यांविषयी प्रश्न विचारले, आणि प्रश्न मेलेल्याकडून धोरण ठरवणाऱ्याकडे वळला. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. पॅकेजने किती साधले हा वेगळा वाद आहे. पण वाचक कंटाळले नाहीत. कोरडे समजले जाणारे आकडे लोकांनी वाचले, कारण ते आकडे कोणाच्या तरी घराचे आहेत हे त्यांना दाखवले गेले.

तसे साहित्य अपंगांच्या बाबतीत कमी आहे का? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले, तेही आठच प्रकारांत. कायदा एकवीस प्रकारांचा झाला आणि मोजणी जुनीच राहिली. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. तो कोणत्या ग्रामपंचायतीने, कोणत्या नगरपरिषदेने किती आणि कशावर खर्च केला, हा प्रत्येक तालुका वार्ताहराला आपल्या गावात बसून विचारता येणारा प्रश्न आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि सेवा अपंगांना वापरता याव्यात यासाठीचे, नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. अकरा पायऱ्यांच्या बाबतीत मी आयुष्यात ऐकलेली ही सर्वांत मोठी बातमी होती. चित्रपटावरच्या निकालाची चर्चा मी आठवडाभर ऐकली. या निकालाविषयी माझ्या ओळखीच्या एकाही माणसाने मला विचारले नाही. अधिवेशनाच्या काळात अपंगांचा मोर्चा निघतो तेव्हाही तिचाकी सायकलवरच्या किंवा रस्त्यावर सरपटत निघालेल्या माणसाचे छायाचित्र येते, वाहतूक किती वेळ खोळंबली ते येते, आणि मागण्या शेवटच्या परिच्छेदात ‘आदी मागण्यांसाठी’ या दोन शब्दांत गुंडाळलेल्या असतात. ज्याचे छायाचित्र, त्याचे नावही पुष्कळदा नसते. ही माणसे वृत्तपत्राची वाचकही असू शकतात, याचा विचार तरी होतो का? २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा दृष्टिहीनांना राजकारण, अर्थकारण, प्रवास सगळेच वाचायचे असते, हे त्यांनी गृहीत धरले होते. मोठ्या वृत्तसमूहांना ते अजून धरता आलेले नाही. त्यांच्या संपादकीय विभागात कायम नोकरीवर असलेले अपंग पत्रकार किती, हे त्यांनी एकदा मोजून पाहावे.

१९२० साली ‘मूकनायक’ काढताना डॉ. आंबेडकरांनी पहिल्याच अंकात लिहिले होते की इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते. आमच्याविषयी छापून आलेल्या सहानुभूतीचा ढीग मोठा आहे, पण हितसंबंध या शब्दाखाली त्यातले फार थोडे बसते.

गेल्या नोव्हेंबरात एका तरुण बातमीदार मुलीचा फोन आला. ‘काका, तीन तारखेसाठी तुमच्यावर करायचं आहे. त्याच जिन्यावर फोटो घेऊ.’ मी निवृत्त होऊन बराच काळ झाला आहे, पायऱ्या अजून अकराच आहेत. मी तिला चार प्रश्न लिहून घ्यायला सांगितले : या इमारतीची सुगम्यता तपासणी कधी झाली, अहवाल कोणाकडे आहे, रॅम्पचा अंदाजपत्रकात प्रस्ताव कोणत्या वर्षी गेला, तो कोणाच्या टेबलावर थांबला. तिने लिहून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले, ‘पण काका, मग यात तुम्ही कुठे असाल?’

मी म्हटले, ‘मी खालच्या पायरीपाशी उभा राहीन. तू वर जा आणि साहेबांना खाली घेऊन ये. प्रश्न तिथेच विचारू.’